प्रज्ञेशचे मोजे

बिबवेवाडी
२ फेब्रुवारी २०२५

सुखदेव,

जयभीम.

वर सवयीनं 'सप्रेम जयभीम' लिहून गेले. त्यातलं 'सप्रेम' खोडलंय. खोडलेलं तुला दिसावं म्हणून मुद्दाम नवा कागद घेतला नाही. जयभीम तसाच ठेवलाय, त्याचा आपल्या भांडणाशी संबंध नाही.

तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टानं पत्र पाठवणारी बिबवेवाडीत मी एकटीच असेन. पण तू फोन उचलत नाहीस. दुकानावर आले की कल्याणीला पुढं करतोस आणि मागच्या दारानं जातोस. बायकोच्या पदराआड किती दिवस लपशील? पोस्टमनला मात्र दार उघडावंच लागतं. रजिस्टर करतेय, पोचपावतीसकट.

काल पूर्वा वकील आल्या होत्या. तू त्यांना 'ती पोरगी' म्हणतोस. त्या पोरगीनं दोन महिने खेटे घालून प्रज्ञेशच्या मृत्यूचे कागद मिळवले. त्यात पंचनामा आहे. 'मयताची डोक्यापासून पायापर्यंत पाहणी केली असता उजव्या कोपरावर किरकोळ खरचटल्याखेरीज अंगावर कोणतीही जखम दिसून आली नाही.' खाली दोन पंच, 'परिसरातील प्रतिष्ठित नागरिक'. पहिला ज्ञानदेव पानवाला, तो आपल्या नावापुढं काय लिहिलंय तेही वाचत नाही. दुसरा सुखदेव गेनबा ओव्हाळ.

पूर्वाताई म्हणाल्या, ही सही ओळखता का? मी म्हटलं, ओळखते. आई कामावर जायची तेव्हा तुला मांडीवर घेऊन पाटीवर ग म भ न मी गिरवून घेतलंय. तुझ्या 'ख'चं शेपूट अजून तसंच लांब जातं. त्यांना पुढं काही सांगता आलं नाही मला. तू माझा भाऊ आहेस हे त्यांना तुझं आडनाव आणि माझं माहेरचं नाव जुळवून कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू पोलीस चौकीशेजारी झेरॉक्सचं दुकान थाटलंस तेव्हापासून त्यांचा हुकमी पंच आहेस, हे का मला माहीत नव्हतं? पंच व्हायला कोणी तयार होत नाही, उगाच कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार. म्हणून चौकीतून हाक आली की तू शटर अर्धं ओढून जायचास. तुझा बोर्ड फुटपाथवर आला तरी कोणी हलवायला सांगत नसे. एकदा मी विचारलं, काय लिहिलंय ते वाचतोस का तरी? तू म्हणालास, "आक्का, कोराच असतो कागद. मागाहून भरतात. सगळीकडे असंच असतं." आणि मी हसले होते. दुसऱ्याच्या घरचा पंचनामा होता ना, मला काय त्याचं.

अकरा डिसेंबरला तू माझ्या दारातून पोराला घेऊन गेलास आणि दुसऱ्या दिवशी गाडीतून त्याला आणून दिलंस. पोलीस म्हणतात, चौकशी करून तीन वाजता सोडून दिलं होतं, बाहेर पडताना चक्कर येऊन पडला. चोवीस वर्षांचा पोरगा, ज्याला साधी सर्दी होत नसे.

आता न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली आहे. तुला बोलावणं येईल. तिथं खरं सांगशील का, एवढंच विचारतेय. हो की नाही, तेवढं कळव.

प्रेमला

ता. क. अंगणवाडीत सगळं कार्बन ठेवून लिहायची सवय आहे. या पत्राचीही प्रत ठेवली आहे.


२३ फेब्रुवारी २०२५

सुखदेव,

पोचपावती तिसऱ्या दिवशी परत आली. तुझी सही आहे तिच्यावर. सह्या करायला तुला कधीच वेळ लागला नाही. उत्तर तेवढं आलं नाही.

आज मोज्यांबद्दल लिहितेय.

बारा तारखेला त्याला घरी आणलं. वस्तीत आंघोळ दारासमोर, चादरी धरून घालतात, पाणी ओतायला चारजण असतात. तू कोणाला हात लावू दिला नाहीस. त्याला आत मोरीत नेलंस आणि दार लावून घेतलंस. मला म्हणालास, "आक्का, पोस्टमॉर्टेमची शिवण आहे. तुला बघवायचं नाही. मी एकटा घालतो." मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, बाप नाही पोराला, पण मामा आहे. त्याचे वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याच्या वह्यांपासून हिंजवडीच्या नोकरीपर्यंत सगळं तूच पाहिलंस. शेवटची आंघोळही मामानं घालावी हे मला बरोबर वाटलं. दाराबाहेर बसून मी तुझे उपकार मानत होते.

मग दार बोटभर उघडून तू खोबरेल तेल मागितलंस. मी दिलं. थोड्या वेळानं परत उघडलंस आणि मोजे मागितलेस.

कंपनीनं बुटांबरोबर त्याला काळ्या मोज्यांचे दोन जोड दिले होते. एक दोरीवर वाळत होता. तो काढून मी तुझ्या हातात दिला. पांढऱ्या कपड्यांवर काळे मोजे पाहून चुलती कुजबुजली, मयताला मोजे कशाला? तू म्हणालास, "पाय फार गार पडलेत त्याचे." हे ऐकून तिथल्या सगळ्या बायका रडल्या. मी सगळ्यांत जास्त रडले.

पूर्वाताईंनी मागच्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला. त्याचे तळपाय कोणी पाहिले का? डॉक्टरांच्या अहवालात हृदयाचं आहे, कोपराचं आहे, तळपाय हा शब्दच नाही. त्या म्हणाल्या, ज्यांना खुणा दिसू द्यायच्या नसतात ते तिथंच मारतात. पाच तास आत होता तो. मी घरी आले, कपाट उघडलं, दुसरा जोड हातात घेतला आणि मला सगळं कळलं. एकदम नाही कळलं. आधी तेल कळलं, मग मोजे, मग बंद दार. तू दार माझ्यासाठी लावलं नव्हतंस.

मेलेल्या पोराच्या पायांना तू तेल चोळलंस, सुखदेव. म्हणजे तुला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच चोळलंस ना? आणि झाकलंस कोणासाठी?

आता त्याचं शरीर नाही. वैकुंठ स्मशानभूमीत तासाभरात सगळं संपलं. त्याचे पाय पाहिलेला जिवंत माणूस एकच आहे, आणि तो माझा भाऊ आहे. परक्यासमोर पदर पसरला असता तर त्यानं एव्हाना उत्तर दिलं असतं.

प्रेमला


१६ मार्च २०२५

सुखदेव,

परवा कल्याणी आली होती. अंगणवाडी सुटायच्या वेळी, तोंड बांधून, कोणी ओळखू नये म्हणून. तिनं सांगितलं की सर्जेराव हवालदार रोज सकाळी तुझ्या दुकानात चहाला बसतो. काही बोलत नाही म्हणे. अपेक्षा कुठल्या कॉलेजला जाते, कितीच्या बसनं येते, एवढंच हसून विचारतो. प्रज्ञेश गेल्यापासून तू खोबरेल तेलाची बाटली घरात आणू देत नाहीस, हेही म्हणाली. मी तिला चहा दिला, धीर दिला. तुझ्या बायकोला धीर मी द्यायचा, अशी पाळी आणलीस माझ्यावर.

अपेक्षा मला माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे. तुला भीती वाटत असेल हे मला समजतं. पण माझ्या पोराचं झाल्यावर तुझ्या पोरीची भीती तुला वाटते, आणि माझ्या पोराच्या वेळी तू त्यांच्या शेजारी बसून काय करत होतास?

हे वाक्य लिहून मी दोन दिवस थांबले. कारण पुढचं लिहायचं होतं आणि हात उचलत नव्हता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू माझ्या दारातून त्याला घेऊन गेलास. ते खोटं आहे. तू आलाच नव्हतास. त्याला मी पाठवलं.

चौकीतून फोन आला की सोनसाखळीच्या चोरीत काळी मोटारसायकल दिसली आहे, तुमच्या मुलाकडे तशीच आहे, पाठवून द्या. प्रज्ञेश म्हणाला, "आई, त्या वेळी मी हिंजवडीत शिफ्टला होतो, आत गेल्याची नोंद आहे. मी वकिलाला विचारून जातो." बरोबर बोलत होता पोरगा. मी तुला फोन लावला. तू म्हणालास, "पाठव गं. मी शेजारीच आहे. चहा पिऊन येईल." आणि मी त्याच्यावर डाफरले. म्हटलं, मामाची तिथं एवढी ओळख आहे, तू फार शहाणपणा करू नकोस, वकील कशाला, चोरी केलीस का? शर्टाला इस्त्री करून दिली. चौकीत नीटनेटकं गेलं की नीट वागवतात, असं म्हणाले मी त्याला. जाताना तो माझ्याशी बोलला नाही. रुसला होता.

आणखी एक. त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारात तू एक कागद आणलास. म्हणालास, "आक्का, इथं सही कर, म्हणजे बॉडी लवकर मिळेल." मी केली. मी कोणी अडाणी बाई नाही. तेवीस वर्षं अंगणवाडी चालवतेय. डाळीचं एक पोतं आलं तरी मोजून, वाचून सही करते, सुपरवायझरशी भांडते त्यासाठी. आणि त्या कागदावर लिहिलं होतं, 'माझा कोणावरही संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही'. मी वाचला नाही. तू आणला होतास म्हणून वाचला नाही. कोऱ्या कागदावर सही करणारा तू एकटाच नाहीस घरात.

हे सगळं मी दंडाधिकाऱ्यांपुढं सांगणार आहे. माझी अब्रू जाईल ती जाऊ दे. लोक म्हणतील, आईनंच पोराला धाडलं आणि आईनंच लिहून दिलं. म्हणू देत. तुला एवढंच सांगायचंय की मी तुझ्याकडे जे मागतेय ते आधी स्वतः करतेय.

सतरा एप्रिलला तुला बोलावलंय. नोटीस मिळाली असेलच, सही करून घेतली असशील.

प्रेमला


६ एप्रिल २०२५

सुखदेव,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. दाराखालून सरकवलंस, बेल न वाजवता. मी पिठाच्या हातानं उचललं आणि अक्षर पाहूनच ओळखलं.

पंधरा-वीस वेळा तरी वाचलं असेल. 'आक्का, मोजे मीच घातले. पंचनाम्यावर सही आधीच घेतली होती, कागद कोरा होता, तेव्हा मी त्याचे पाय पाहिले नव्हते. आंघोळ घालताना पाहिले. दोन्ही तळपाय काळेनिळे होते, टाचा फुटल्या होत्या. मी दुपारी दुकानात होतो. मला आवाज येत होता. मी मशीन चालू ठेवली. पोरीची शपथ घेऊन सांगतो, मला वाटलं दुसराच कोणी असेल. वाचून फाडून टाक.'

दुसराच कोणी. मी तुला यावर शिव्या देऊ शकते, पण कशा देऊ? तुझ्या कोऱ्या कागदांवर हसले होते तेव्हा मलाही तोच दुसरा कोणी वाटत होता.

मी खूप रडले. रागानं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझा भाऊ सापडला असं वाटलं. प्रज्ञेशला खांद्यावर बसवून तू चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत न्यायचास, तो तुझे केस धरून झोपून जायचा, ते आठवलं. पत्रावर तू सही केली नाहीस. जगातल्या सगळ्या कागदांवर सही करणारा माणूस, आणि हा एक कागद बिनसहीचा. तरी चालेल. मला तुझी सही नको आहे, तुझं तोंड उघडायला हवंय.

पूर्वाताईंना मी हे पत्र दाखवलेलं नाही. त्या म्हणतात, पुढं जाऊन हा माणूस स्वतः आरोपी होऊ शकतो, पण आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी असते. म्हणून ऐक. सतराला तू हे तोंडानं सांग. सांगितलंस की घरी येऊन मी हा कागद चुलीत घालते, कोणाला कळणार नाही. अपेक्षाला माझ्याकडे ठेव. अंगणवाडीतल्या आयांना सांगितलं तर रोज दोघी-तिघी तिला बसपर्यंत सोडतील. सर्जेरावला म्हणावं, आता आमच्याकडे चहा पी.

तू खरं बोललास तर माझा प्रज्ञेश परत येणार नाही, एवढं कळतं मला. पण ज्यांनी मारलं ते उद्या कोणाच्या पोराला 'पाठवून द्या' म्हणतील तेव्हा त्यांचा हात थोडा तरी थांबेल. आणि मला भाऊ राहील. हे दुसरं कारण मी पूर्वाताईंना सांगत नाही.

तुझी,
आक्का


१९ एप्रिल २०२५

चौदा तारखेला विहारात तू नेहमीसारखं पंचशील दिलंस. मी तिसऱ्या रांगेत होते. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझे कान तुझ्याकडे होते. तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला ते शुभ लक्षण वाटलं. मनाशी म्हटलं, याचं ठरलंय.

परवा कोर्टात तू माझ्यापासून चार हातांवर उभा होतास. निळा शर्ट, केसाला पाणी लावून भांग. दारापाशी सर्जेराव.

दंडाधिकारी बाई सावकाश विचारत होत्या. पंचनाम्याच्या वेळी मयताचं अंग पाहिलं का? पाहिलं. जखमा होत्या? कोपराला थोडं खरचटलं होतं. वाचून सही केली का? हो, वाचून केली. तेवढ्यावर थांबला असतास तरी मी समजून घेतलं असतं. घाबरला, पूर्वी केलेली सही निभावून नेली, असं म्हटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, अंत्यसंस्काराच्या फोटोत मयताच्या पायात काळे मोजे दिसतात. ते कोणी घातले? तू खाली पाहिलंस. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल. आणि तू म्हणालास,

"बहिणीनं घातले. आंघोळीच्या वेळी मी बाहेर होतो."

मला आधी समजलंच नाही कोणती बहीण. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा समजलं. एका वाक्यात तू किती केलंस ते तुझ्या लक्षात आलंय का? स्वतःला वाचवायला तू भाच्याची शेवटची आंघोळ नाकारलीस. सोळा वर्षं बापाच्या जागी होतास, ते सगळं मोरीत ओतून दिलंस. आणि पाय पाहिल्याचं माझ्यावर घातलंस. आईनं पाय पाहिले, मोजे घातले आणि लिहून दिलं की तक्रार नाही. सगळं कसं नीट जुळलं. हे तुला सुचलं की सर्जेरावनं चहाबरोबर शिकवलं, ते मला जाणून घ्यायचं नाही. बोललास तू.

तू लगेच निघून गेलास, दुकान उघडायचं होतं. त्यामुळे पुढचं तुला माहीत नसेल, म्हणून लिहितेय.

माझा जबाब जेवणाच्या सुट्टीनंतर झाला. सुट्टीत कल्याणी माझ्याजवळ आली. तिला पत्राचं माहीत आहे हे मला तेव्हा कळलं. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आक्का, तुमच्याकडे कागद आहे तो काढू नका. त्यांना आत टाकतील. आमचं कोण आहे?" तिचं चुकत नव्हतं. त्या वेळी पत्र माझ्या पिशवीत, डब्याखाली होतं. का नेलं होतं ते मलाही सांगता येणार नाही. मी तर ते चुलीत घालायचं ठरवून बसले होते.

डबा उघडला नाही. बाकावर बसून होते. तू लहानपणापासून माझा शब्द झेलायचास असं सगळे म्हणतात. पण आईच्या मागं उलटंच होत आलं. तू म्हणालास पाठव, मी पाठवलं. तू म्हणालास सही कर, मी केली. तू म्हणालास बघू नकोस, मी माझ्या पोराकडे बघितलं नाही. शिकलेली बाई मी, आणि प्रत्येक वेळी तुझं ऐकत गेले, कारण तू माझा होतास. आणि आता लिहिलं होतंस, वाचून फाडून टाक.

आत गेल्यावर मी आधी माझं सांगितलं. पोराला मी धाडलं, कागदावर न वाचता सही केली, मोजे दोरीवरून काढून मी दिले. घातले मी नाहीत. बाईंनी विचारलं, याला काही पुरावा आहे का? मी पिशवीतून तुझं पत्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. माझ्या चारही पत्रांच्या कार्बन प्रती ठेवल्या, खोडलेल्या 'सप्रेम'सकट. पोचपावत्याही दिल्या, तुझ्या सह्यांच्या.

बाईंनी ते शांतपणे दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "याच्यावर सही नाही. हे अक्षर कोणाचं आहे, खात्रीनं सांगू शकाल?"

मी म्हटलं, "हो. माझ्या भावाचं आहे. त्याला लिहायला मीच शिकवलंय."

प्रेमला